नाताळची चित्रपुस्तकं: दरवर्षीचा घरगुती रिवाज कसा बसवावा?

गोदाकाठ | ८ नोव्हेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मुलं ४ आणि ७ वर्षांची आहेत. घरात नाताळच्या गोष्टींची पाच-सहा इंग्रजी चित्रपुस्तकं जमली आहेत, पण ती वर्षभर बाकीच्या पुस्तकांत मिसळून पडलेली असतात. त्यांचा डिसेंबरात एक रिवाज बसवायचा आहे. दिवाळीच्या किल्ल्याची मुलं जशी आपणहून वाट बघतात, तसा.

किती पुस्तकं लागतात? नेटवर सगळीकडे २४ पुस्तकं गुंडाळून ठेवा आणि रोज एक उघडा, असंच दिसतं. इंग्रजीतून वाचावं की मराठीतून सांगावं? दोघांना एकत्र बसवता येतं का? आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ही पुस्तकं दहा-पंधरा वर्षं टिकवायची कशी? जाणकारांनी सविस्तर लिहा, ही विनंती.

चित्रवेल | ८ नोव्हेंबर, रात्री १०:०२

२४ चा नाद सोडा. रोज पुडकं उघडायचं ठरलं की आठवड्याभरात लहान मुलाचं लक्ष पुस्तकावरून कागदावर जातं. टरटर कागद फाडून झाला की त्याच्यासाठी कार्यक्रम संपला. त्यात डिसेंबरात शाळांची गॅदरिंग असतात, सहली असतात. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी दोन पुस्तकं उरकली जातात, आणि उरकणं सुरू झालं की रिवाज मोडलाच.

पाच पुरतात. चार रविवारची चार आणि २४ तारखेच्या रात्रीचं एक. कुठल्या रविवारी कुठलं पुस्तक हे ठरवून टाका आणि दरवर्षी तेच ठेवा. लहान मुलांना पुनरावृत्ती लागते. आज चार वर्षांचं असलेलं मूल रिवाजाच्या तिसऱ्या वर्षी पुढच्या पानावर काय आहे ते पान उलटण्याआधीच सांगतं, आणि तीच खरी मजा असते. नवं पुस्तक आणायचं तर वर्षाला एकच, ते २४ ला उघडायचं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही पुस्तकं अकरा महिने दिसता कामा नयेत. किल्ल्यावरचे मावळे वर्षभर टीपॉयवर असते तर त्यांची वाट कुणी बघितली असती?

द्राक्षवेल | ८ नोव्हेंबर, रात्री १०:१५

मावळ्यांचा मुद्दा तंतोतंत पटला. +१

शरणपूरकर | ९ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

चित्रवेल यांनी चार रविवार म्हटलंय, त्याला पक्का आधार आहे. नाताळच्या आधीच्या चार रविवारांना आगमनकाळाचे रविवार म्हणतात. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये कधीही येतो. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला आहे, म्हणजे पुढचे ६, १३ आणि २० डिसेंबर. १ डिसेंबरपासून मोजणारी २४ खणांची दिनदर्शिका ही सोयीसाठी केलेली गोष्ट. चर्चचा काळ रविवारपासून धरतात.

पुस्तकांचा क्रम लावताना येशूची जन्मकथा बायबलातल्या दोन शुभवर्तमानांत (येशूच्या चरित्रांत) दोन तऱ्हेने आली आहे, हे लक्षात ठेवा. लूकच्या दुसऱ्या अध्यायात शिरगणती, बेथलेहेमचा प्रवास, गव्हाणी आणि मेंढपाळ आहेत. तारा आणि पूर्वेकडचे ज्ञानी लोक मत्तयच्या दुसऱ्या अध्यायात. चित्रपुस्तकांत हे सगळे एकाच रात्री एकाच गोठ्यात गर्दी करतात, पण मत्तयात ज्ञानी लोक घरात येतात, गोठ्यात नाही. ते तीन होते असंही तिथे म्हटलेलं नाही. भेटवस्तू तीन, म्हणून माणसं तीन धरली गेली. बैल आणि गाढव तर दोन्हीकडे नाहीत, ते चित्रकारांच्या परंपरेतून आले. सात वर्षांच्या मुलासमोर दोन पुस्तकं शेजारी उघडून "यात काय वेगळं आहे?" विचारा, अर्धा तास कसा जातो कळणार नाही.

माझ्या मते क्रम असा असावा: पहिल्या रविवारी वाट पाहण्याची किंवा प्रवासाची गोष्ट, दुसऱ्या रविवारी संत निकोलस (त्यांचा सण ६ डिसेंबरला असतो, २०२६ मध्ये तो नेमका रविवारी आहे), तिसऱ्या रविवारी प्राण्यांची किंवा थंडीची एखादी हलकी गोष्ट, चौथ्या रविवारी मेंढपाळ. २४ ला जन्म. आणि ज्ञानी लोकांचं पुस्तक मागे ठेवा. ते ६ जानेवारीला, म्हणजे ज्ञानी लोकांच्या भेटीच्या सणाला वाचायचं आणि त्याच रात्री पेटी बंद करायची. म्हणजे शेवटालाही कारण मिळतं.

कागदफूल | ९ नोव्हेंबर, सकाळी ९:२५

थोडा विरोध नोंदवते. सांताक्लॉजची पुस्तकं या क्रमात कुठे बसवायची? मुलांना ओढ त्यांचीच असते आणि दुकानांत ढीगही त्यांचाच असतो.

शरणपूरकर | ९ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

@कागदफूल, दुसऱ्या रविवारी. पण आधी निकोलस, मग सांता. निकोलस हे चौथ्या शतकातले मायरा गावचे बिशप, ते गाव आजच्या तुर्कस्तानात आहे. हरणांची गाडी, धुराडं, मोजे हे पुष्कळ नंतरचं. आठ रेनडिअर एका इंग्रजी कवितेमुळे रूढ झाले, ती २३ डिसेंबर १८२३ ला न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात छापून आली. लाल नाकाचा नववा रेनडिअर तर १९३९ चा. एका मोठ्या दुकानाने नाताळात मुलांना फुकट वाटण्यासाठी काढलेल्या पुस्तिकेत तो पहिल्यांदा आला. मोठ्या मुलाला हे सांगितलं की "सांता खरा का?" या प्रश्नावर खोटं बोलावं लागत नाही. माणूस खरा होता, गाडी गोष्टीतली आहे.

निफाडची_थंडी | ९ नोव्हेंबर, दुपारी १:३०

भाषेबद्दल. इंग्रजी पुस्तक समोर धरून वाक्यागणिक मराठी करत गेलात तर गोष्ट अडखळते. "लहान खार बर्फाकडे पाहत होती आणि ती म्हणाली की" असली वाक्यं मुलं दोन मिनिटंसुद्धा ऐकत नाहीत. आदल्या दिवशी पुस्तक एकदा मनात वाचा, प्रत्येक जोडपानाचं मराठी दोन-तीन ओळींत लिहून काढा आणि ती चिठ्ठी पानात ठेवा. चिकटणाऱ्या रंगीत चिठ्ठ्या नकोत, त्यांचा गोंद पानावर राहतो आणि वर्षभराने तिथे धूळ धरते. टाचणी किंवा क्लिपही नको, गंजते. साध्या कागदाची सुटी पट्टी पुरते. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला पाकीट चिकटवून पट्ट्या त्यातच ठेवल्या की पुढच्या वर्षी तेच शब्द तयार. शब्द दरवर्षी तेच हवेत, मूल चुका पकडतं.

आता नाशिकच्या मुलाला बर्फ कसा सांगायचा? फ्रीजरमधला बर्फ दाखवू नका, तो कडक आणि पारदर्शक असतो. जानेवारीच्या कडाक्यात निफाडकडे गवतावर आणि द्राक्षाच्या पानांवर दव गोठून पांढरा थर दिसतो, बागाइतदार रात्री शेकोट्या पेटवून बाग राखतात. "ते दव गोठतं ना, तसं आभाळातून भुरभुर पडतं" असं सांगितलं की मूल लगेच धरतं.

पानगळ | ९ नोव्हेंबर, दुपारी २:१०

शब्दांची भर घालतो. स्लेज म्हणजे बिनचाकांची घसरगाडी. मिटन म्हणजे अंगठा वेगळा आणि चार बोटं एकत्र असा हातमोजा. हे बोलून सांगण्यापेक्षा आपला मोजा हातात चढवून दाखवा. मेंजरसाठी तर आपल्याकडे अगदी नेमका शब्द आहे, गव्हाण. मराठी बायबलात गव्हाणीच आहे. बाळ गुंडाळलंय ते बाळंत्यात. 'इन'साठी तिथे उतारशाळा म्हटलंय, पण नाशिकच्या मुलाला धर्मशाळा म्हणा.

गोदाकाठ | ९ नोव्हेंबर, दुपारी २:४०

@पानगळ, धर्मशाळा एकदम चपखल! सिंहस्थात पंचवटीत खोली मिळत नाही, तसं बेथलेहेमला शिरगणतीमुळे झालं होतं, असं सांगता येईल.

शरणपूरकर | ९ नोव्हेंबर, दुपारी ३:००

@गोदाकाठ, हे आता दरवर्षीच्या पट्टीवर लिहून टाका.

कागदफूल | ९ नोव्हेंबर, सायंकाळी ६:२०

यमकात असलेली पुस्तकं मात्र इंग्रजीतच वाचा. त्यांचा जीव तालात असतो, मराठीत सांगितली की नुसता मथितार्थ उरतो. तशा पुस्तकाला आधी दोन मिनिटांची चित्रफेरी करा. काहीही न वाचता फक्त पानं उलटायची आणि चित्रात काय चाललंय ते मुलांना मराठीत बोलू द्यायचं. मग इंग्रजी सलग वाचायचं, मध्ये अर्थ सांगत थांबायचं नाही.

दोघांना एकत्र बसवायचा सोपा उपाय म्हणजे शब्द नसलेलं पुस्तक. रेमंड ब्रिग्ज यांचं १९७८ चं 'द स्नोमॅन' पूर्ण बिनशब्दांचं आहे. धाकट्याने चित्रातलं एकेक दाखवायचं, थोरल्याने गोष्ट सांगायची, मोठ्यांनी फक्त पान धरायचं. पण चित्रं छोट्या-छोट्या चौकटींत आहेत, त्यामुळे दोनपेक्षा जास्त मुलं असतील तर मागच्याला दिसत नाही. मग भांडण ठरलेलं.

पंचवटी_वाचक | १० नोव्हेंबर, सकाळी ८:५०

आम्ही ख्रिस्ती नाही. मुलांना ही पुस्तकं खूप आवडतात, पण दुसऱ्याच्या सणाची नक्कल होईल की काय अशी शंका वाटते.

शरणपूरकर | १० नोव्हेंबर, सकाळी ९:१५

शंका नको. शेजारच्या घरचा फराळ आपण जसा प्रेमाने खातो, तशी ही गोष्ट ऐकायची. एवढंच सांभाळा की जन्माची गोष्ट आहे तशी सांगा, तिचा नुसता बर्फ आणि घंटा करू नका.

आणि ही गोष्ट नाशिकला परकी नाही. लक्ष्मीबाई टिळक जवळच्या जलालपूरच्या. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी सुरू केलेलं 'ख्रिस्तायन' हे येशूच्या चरित्राचं काव्य रेव्हरंडांच्या मागे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. त्यात चित्रं नाहीत, पण २४ च्या रात्री चित्रपुस्तक मिटल्यावर जन्माच्या भागातल्या चार ओळी मोठ्याने वाचल्या तर मुलांच्या कानावर पद्यातलं मराठी पडतं. चारच ओळी, जास्त नकोत.

चित्रवेल | १० नोव्हेंबर, सकाळी ९:४०

वाचताना हाताशी वस्तू ठेवा. मत्तयात सोनं, ऊद आणि गंधरस आहे. ऊद पूजासाहित्याच्या दुकानात मिळतो. एका छोट्या डबीत चिमूटभर घाला, जाळू नका. ज्ञानी लोकांचं पान आलं की डबी उघडून मुलाच्या नाकाशी धरायची. वास आणि पान यांची गाठ पडते, पुढच्या वर्षी डबी उघडताच मूल पान सांगतं. चार वर्षांचं मूल डबी तोंडात घालणार नाही एवढं बघा.

गोठा मांडत असाल तर गव्हाण २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवा. ज्ञानी लोकांच्या मूर्ती घराच्या दुसऱ्या टोकाला, शक्यतो पूर्वेकडच्या खिडकीत. २५ नंतर रोज एक हात पुढे सरकवायच्या, ६ जानेवारीला पोचतात. हे काम थोरल्याकडे द्या.

आजीची_पेटी | १० नोव्हेंबर, रात्री ८:००

आता साठवण, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं.

लोखंडी ट्रंक चालते, पण ती थेट फरशीवर ठेवू नका, खाली लाकडी पट्ट्या घाला. पावसाळ्यात फरशी गार पडते आणि ट्रंकेच्या आतल्या बाजूला दमटपणा धरतो. पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, कागदातली ओल आतच कोंडते आणि बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात. धुतलेलं जुनं सुती धोतर किंवा साडी गुंडाळायला उत्तम. मोठ्या आकाराची पुस्तकं आडवी ठेवा, उभी ठेवली की पानांच्या वजनाने पाठ कलते. उघडझाप चित्रांचं पुस्तक सगळ्यात वर ठेवा, त्यावर काहीही नको.

कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकतात. लहान मुलांच्या पुस्तकांत त्या नकोत. वास महिनोन् महिने जात नाही आणि मूल बोटं चाटतं. कडुनिंबाचा पाला घालणार असाल तर कडकडीत वाळलेलाच, ओलसर पाल्याने उलट बुरशी येते. पाण्याच्या बाटल्या किंवा बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जमवा, पण त्या मुलांच्या हाती लागू देऊ नका. ऑक्टोबरच्या उन्हात एकदा पेटी उघडा, पुस्तकं सावलीत पंख्याखाली अर्धवट उघडून उभी करा. थेट ऊन नको, आधी लाल रंग उडतो, आणि नाताळच्या पुस्तकातला लाल गेला म्हणजे काय राहिलं?

द्राक्षवेल | १० नोव्हेंबर, रात्री ८:३०

नाताळच्या फराळातल्या करंज्या-कलकलांच्या तुपकट बोटांचे डाग जातात का?

आजीची_पेटी | १० नोव्हेंबर, रात्री ८:५०

ताजा डाग असेल तर बराचसा जातो. डागावर कॉर्नफ्लोअरचा किंवा टाल्कम पावडरचा जाड थर टाका, वर कोरा कागद, त्यावर जड पुस्तक, रात्रभर. सकाळी मऊ ब्रशने झटका, घासू नका. एकदा न भागल्यास पुन्हा करा. गुळगुळीत पानावर डाग वर राहतो, खरखरीत पानात तो आत उतरतो आणि पूर्ण निघत नाही. म्हणून आधी पुस्तक, मग फराळ.

बांधणी_काका | ११ नोव्हेंबर, सकाळी ११:००

फाटलेल्या पानाला पारदर्शक चिकटपट्टी लावू नका, कृपा करा. चार-पाच वर्षांत ती पिवळी पडते, गोंद कागदात उतरतो, पट्टी गळून जाते आणि डाग कायमचा राहतो.

खळ करा. १ चमचा मैदा, ५ चमचे गार पाणी. आधी गार पाण्यातच गुठळ्या मोडा, मग मंद आचेवर तीन-चार मिनिटं ढवळत राहा. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवा, फडक्यातून गाळा. बांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायची पद्धत आहे. ते विषारी आहे, मुलांच्या पुस्तकाला अजिबात घालू नका. बिनमोरचुदाची खळ फ्रीजमध्ये दोन दिवस टिकते, आंबट वास आला की फेकायची.

फाटलेल्या कडा नीट बघा. एका बाजूला छापील कड असते, दुसऱ्या बाजूला पांढरे तंतू. छापील कड वर येईल अशी बसवा, म्हणजे रेघ दिसत नाही. वरून पातळ पांढऱ्या हातकागदाची बोटभर रुंदीची पट्टी लावा. पट्टी कात्रीने कापायची नाही, ओली रेघ ओढून फाडायची. फाटलेल्या कडेचे तंतू पानात मिसळतात, कापलेली कड उठून दिसते. पतंगाचा कागद वापरू नका, ओला झाला की रंग सोडतो.

खळ अगदी पातळ थराने लावा, दोन्ही बाजूंना बटर पेपर घाला आणि वजनाखाली रात्रभर ठेवा. बटर पेपर विसरलात तर मोठं नुकसान होतं. चित्रपुस्तकांच्या चकचकीत कागदावर लेप असतो, तो ओला झाला की गोंदासारखा वागतो. शेजारची पानं एकमेकांना चिकटली आणि वाळली, की सोडवताना चित्रच सोलून निघतं.

पानगळ | ११ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

वाचनखूण साठवली. काका, पिना गंजलेल्या पातळ पुस्तकांचं काय करायचं?

बांधणी_काका | ११ नोव्हेंबर, दुपारी १२:४५

पिना काढा आणि शिवा. आतल्या बाजूने पिनेचे पाय बोथट सुरीने उभे करायचे आणि बाहेरून अलगद ओढायची. मग मधल्या घडीवर तीन भोकं, एक बरोबर मध्ये, दोन टोकांपासून अडीच-अडीच सेंटिमीटरवर. दोरा पुस्तकाच्या उंचीच्या तिप्पट. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, बाहेरून वरच्या भोकात आत, आतून मधलं भोक सोडून थेट खालच्या भोकातून बाहेर आणि शेवटी मधल्या भोकातून आत. आता दोन्ही टोकं आत आली. आतला लांब टाका दोन्ही टोकांच्या मध्ये धरून गाठ मारा, नाहीतर तो सैल राहतो.

कागदफूल | ११ नोव्हेंबर, सायंकाळी ५:३०

याच शिवणीने घरचं पुस्तकही होतं. चार ए४ कागद मधोमध दुमडले की १६ पानं. समोरासमोरच्या नव्हे, तर एकाच कागदाच्या एकाच बाजूला येणाऱ्या दोन पानांच्या आकड्यांची बेरीज १७ येते: १६ आणि १, २ आणि १५, १४ आणि ३. चित्रं काढायच्या आधी पेन्सिलीने आकडे टाका, नाहीतर मेंढपाळ जन्माच्या आधी येऊन बसतात.

एकसंध जोडपान मिळतं ते फक्त मधलं, ८-९. बाकी सगळ्या जोडपानांत डावं-उजवं वेगवेगळ्या कागदांवर असतं आणि चित्राची रेघ जुळत नाही. म्हणून गव्हाणीचं मोठं चित्र ८-९ वरच घ्या. कागद १२० जीएसएम (दर चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाचा), मुखपृष्ठाला २५० चं कार्ड. दुमडल्यावर आतली पानं थोडी बाहेर डोकावतात, ती शिवून झाल्यावर कापा, आधी नाही.

निफाडची_थंडी | ११ नोव्हेंबर, रात्री ९:००

ज्यांच्याकडे पुस्तकंच नाहीत त्यांनी 'प्रथम बुक्स' या प्रकाशनसंस्थेचं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ बघा. मराठीतली पुष्कळ चित्रपुस्तकं तिथे मोकळ्या परवान्याने आहेत. लेखक-चित्रकारांचं नाव कायम ठेवून छापता येतात, भाषांतरही करता येतं. विकतचं पुस्तक स्कॅन करून ग्रुपवर टाकणं मात्र बरोबर नाही. त्यापेक्षा सोसायटीत पुस्तकं फिरवा.

चित्रवेल | ११ नोव्हेंबर, रात्री ९:२०

फिरवताना २४ च्या रात्रीचं पुस्तक घरातच ठेवा, ते उसनं द्यायचं नाही. आइसलँडमध्ये २४ च्या संध्याकाळी एकमेकांना पुस्तकंच भेट देतात. दुसऱ्या महायुद्धात बाकीच्या आयातीवर बंधनं होती, कागद त्या मानाने मिळत होता, तेव्हापासून ही पद्धत रुजली. तुमचं वर्षाचं नवं पुस्तक त्याच संध्याकाळी उघडा.

गोदाकाठ | १४ नोव्हेंबर, रात्री १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: पाच पुस्तकं, २९ नोव्हेंबरपासून चार रविवार आणि २४ ची रात्र. सहावं ज्ञानी लोकांचं, ६ जानेवारीला, उदाच्या डबीसह. यमकाचं पुस्तक इंग्रजीत, बाकीची पट्ट्यांवरच्या मराठीत. वेळ रात्री साडेआठ, जेवण झाल्यावर, हात धुऊन.

एकच अडचण. एका पातळ पुस्तकाच्या पिना काढल्या, पण मधल्या घडीचा कागदच झिरझिरीत झालाय. भोक पाडलं की चिरत जातंय.

बांधणी_काका | १४ नोव्हेंबर, रात्री १०:५०

आधी घडीला आधार द्या, मग शिवा. हातकागदाची दोन सेंटिमीटर रुंद पट्टी उभी दुमडून सगळ्यात आतल्या घडीत खळीने बसवा, दुसरी सगळ्यात बाहेर, मुखपृष्ठाच्या आत. मधल्या जोडपानांच्या घड्याही चिरल्या असतील तर त्यांनाही एकेक. पूर्ण वाळू द्या, रात्रभर. भोक मोठ्या दाभणाने पाडू नका, शिवणाची साधी सुई पुठ्ठ्यावर ठेवून टोचा. दोरा सुती आणि जरा जाड घ्या, बारीक नायलॉन कागद कापतो. ओढताना दोरा घडीच्या दिशेने ओढायचा, पानाच्या बाजूला नाही.

२९ ला अजून दोन आठवडे आहेत, सावकाश करा.